एकोणिसाव्या दिवशी

— तिथे नको डॉक्टरबाई, त्या स्टुलावर बसा, टेबलावर काचेचा चुरा आहे, हात टेकलात तर तुम्हालाच टाके घालायची वेळ यायची. फोन उचलला नाही, पत्रांना उत्तर दिलं नाही — मान्य. आता दुकानातच आलात, कुठे पळणार मी? बोट बघायचंय? बघा. वाक म्हटलं तर वाकत नाही. तुम्ही दोन तास खपून बोट वाकवणारा आतला दोर शिवलात, त्याच्याभोवती ते नवीन औषध सोडलंत, शिवलेला दोर आजूबाजूला चिकटू नये म्हणून — किंवा नुसतं मिठाचं पाणी सोडलंत. निम्म्यांना औषध, निम्म्यांना पाणी, आणि कुणाला काय ते तुम्हालाही ठाऊक नाही, सगळं बंद पाकिटात. सही करताना मी म्हटलं होतं, लॉटरीच की ही.

तसं बघू नका. तेव्हा तुम्हाला सांगितलं ना मी — सकाळी उठलो तर बोट मेलेलं, आपोआप. तुम्ही लिहून घेतलंत. मग औषध द्यायचंच थांबलं म्हणे, चौकशी लागली तुमच्यामागे — व्यायाम घेणाऱ्या ताई बोलल्या. तुमच्यावर येईल असं नव्हतं वाटलं मला. म्हणजे — वाटायला हवं होतं.

आपोआप नाही तुटला दोर. ऑपरेशननंतरचा एकोणिसावा दिवस होता. दुकान मेहुणा बघत होता, बायकोचा धाकटा भाऊ, स्वभावाने गरीब, पण हाताला वळण नाही. तिसरा आरसा तडकवला त्याने, आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईक मला म्हणालं, "मालक, तुमच्या दुकानाचं आता काही खरं नाही." एवढंच म्हणालं हो. मी पट्ट्या सोडल्या, बोट धरून ठेवणारं तुमचं ते स्प्लिंट काढून खिडकीत ठेवलं, काच कापायचा हिरा घेतला — रेघ सरळ आली, अगदी पहिल्यासारखी. आणि काच मोडायला जोर दिला तेव्हा आत टक् झालं. मेहुण्यानेही ऐकलं. "भावोजी, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, काच.

सहा आठवडे काढू नका म्हणून तुम्ही दहादा बजावलं होतंत. मग काय सांगणार होतो तुम्हाला? आणि बायकोला? औषधावर ढकललं. औषधाला कुठे तोंड असतं?

एवढ्यावर थांबलो असतो तर — नाही थांबलो. तुमच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर त्या शिवणकामवाल्या ताई असायच्या, कात्रीने बोट कापलेल्या, त्याच पाकिटवाल्या. त्यांना म्हटलं, ताई, या औषधाने आतला दोर कुजतो, माझं बघा. दुसऱ्या दिवसापासून त्या यायच्या बंद झाल्या. बोट हलतं ठेवायचा व्यायामही सोडला, सगळंच सोडलं. गेल्या महिन्यात दुकानात आल्या होत्या, फोटो मढवायला. बोट असं, काठीसारखं सरळ, मशीनवर कापड सरकवता येत नाही म्हणाल्या. आणि मला म्हणतात — "भाऊ, तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून, नाहीतर माझाही दोर तुटला असता." आभार मानले हो त्यांनी माझे. मी फोटो मढवत राहिलो, खिळा दोनदा वाकडा गेला.

झालं, सांगितलं सगळं. कुठे लिहून द्यायचंय ते सांगा, डाव्या हाताने करतो सही. तुम्ही काय बोलायला आला होतात? बोला ना, मघापासून मीच बोलतोय.

पाकिटं उघडली? कधी — परवा? मग? माझ्यात —

पाणी.

म्हणजे औषधाचा थेंबसुद्धा नव्हता माझ्या बोटात. म्हणजे मी ज्याच्यावर ढकललं ते — थांबा. त्या ताईंचंही पाकीट उघडलं असेल ना? त्यांच्यात काय होतं? त्यांच्यात तरी पाणीच —

मान खाली का घातलीत, डॉक्टरबाई? औषध होतं?

नको. नका सांगू. कागद ठेवून जा, सही करून पाठवतो. जा तुम्ही. दार ओढून घ्या.