दुपारी सव्वादोन ते सकाळी सात

(चिचगड. अंगणात टेकचंद, त्याची बायको सावित्रीबाई आणि गोंदियाहून आलेला भाचा भूपेंद्र. विमानाचं तिकीट भूपेंद्रच्या मोबाइलवर.)

टेकचंद : पावणेसतरा तास. दोनदा वजाबाकी केली मी. दिल्लीहून दुपारी सव्वादोनले उडते, मेलबर्नले दुसऱ्या दिवशी सकाळी सातले उतरते. एवढा वेळ हे गुडघे मोडून बसशील?

सावित्रीबाई : गुडघे माझे. तुमाले काऊन दुखून राहिले?

भूपेंद्र : मामाजी, सव्वाबारा तासच आहेत. यहाँ लिखा है. दहा हजार दोनशे किलोमीटर.

टेकचंद : लिहिणाऱ्याले वजाबाकी येत नसंल. तीस वर्षं तलावाच्या पाण्याची पाळी पाहून राहिलो मी. पाट उघडला ती वेळ, बंद केला ती वेळ. पाच मिनिटं कोणाची इकडची तिकडं झाली नाई.

सावित्रीबाई : तुमचा पाट उघडते बी चिचगडले आन् बंद होते बी चिचगडले. आपली पोरगी खुशी काल मेलबर्नहून म्हणे, तिच्याकडची घडी साडेचार तास पुढं चालते. आपण सकाळचा चहा मांडतो, तवा तिची दुपारची भाजी शिजून राहते. सातातून साडेचार काढा आता.

टेकचंद : म्हणजे उतरशील तवा आपल्याकडं रात्रीचे अडीच.

भूपेंद्र : करेक्ट. आता जीजाजीले हाव म्हणू का? पाच वाजेपर्यंतच तिकीट धरून ठेवलं आहे त्यांनी.

टेकचंद : आन् धानाचा रोवणा? बावीस बाया बांधीत उतरतील, गाणं कोण धरंल?

सावित्रीबाई : मंजू. इतकी वर्षं माझ्या मागून म्हणते, आता पुढून म्हणंल. तिच्या गळ्यात सारं आहे.

टेकचंद : पयलं बाळंतपण मायघरी होते आपल्यात. दोन महिने आधीच आणलं असतं खुशीले…

सावित्रीबाई : नाई आणलं. आता डॉक्टरीण तिले विमानात बसू देत नाई. मायघर तिकडं जात नाई, तं माय जाईल.

टेकचंद : वरून फोन लागते का रे?

भूपेंद्र : नाही, मामाजी. बंद ठेवा लागते.

टेकचंद : बारा तास.

सावित्रीबाई : सव्वाबारा. डॉक्टरीणनं तिले विचारलं, सोबतीले घरचं बाईमाणूस कोण? पोरीले सांगाले नाव नव्हतं. मले फोनवर हसून सांगे. ते हसणं आयकलं तवाच माझं ठरलं. तुमी हाव म्हणा का नका म्हणू, मी जाऊन राहिली. भूपेंद्र, कळव जावईबापूले.

टेकचंद : थांब. खुशीले लाव. मले दे फोन… खुशी, बाबूजी बोलतो. माय येऊन राहिली तुझी. हाव, एकटीच. रडू नको, आयक. विमान सातले उतरते, तं जावईबापूले सहालेच येऊन उभं राहाले सांग. तुझी माय कोणाले रस्ता विचारत नाई, चालत सुटते.