चूक न काढलेली पत्रं

नाही, पार्सल राहू द्या तिथंच टेबलावर, उघडते नंतर. तुम्ही बसा आधी. त्या खुर्चीत नको, तिचा पाय डुगडुगतो — इथं, माझ्यासमोर, उजेडात. काल येऊन गेलात ना? मी दवाखान्यात गेले होते ब्लडप्रेशर दाखवायला, परत आले तर दाराच्या फटीत चिठ्ठी. ही. अक्षर तुमचंच ना? बघा नीट. हो म्हणताय — बरं झालं, हो म्हणालात. माझ्या मुलाबरोबर एका घरात राहणारा माणूस, सुट्टीवर आलाय, जाता जाता मित्राच्या आईला पार्सल पोचवतोय — किती साधी गोष्ट! आणि मी मात्र काल दुपारपासून या चिठ्ठीकडे टक लावून बसलेय. का? सांगते. घाई नाही ना तुम्हाला?

शेवटची ओळ वाचा. मोठ्यानं. ‘उद्या येतो, विदाउट फर्दर अड्यू.’ स्पेलिंग काय केलंय? ए-डी-आय-ई-यू. अहो, तो शब्द अडू. ए-डी-ओ, तीन अक्षरं, संपला विषय. अडू म्हणजे गडबड, फापटपसारा. आणि तुम्ही लिहिलाय तो अड्यू — म्हणजे निरोप, फ्रेंचांचा. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय मी, या एका चुकीवर किती लाल शाई सांडली असेल देव जाणे. हसू नका. चुकतात सगळेच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हीच चूक माझ्या मुलाच्या पत्रात कशी, एवढंच माझं म्हणणं आहे.

पत्र म्हणजे मेलच हो, मी पत्र म्हणते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणते आणि फायलीला लावते. ही बघा फाइल. दोन वर्षांची. आमच्या घरात पत्रं इंग्रजीतच — माझाच हट्ट, तेवढाच सराव होतो म्हणून. हे मार्चमधलं: विदाउट फर्दर अड्यू. तेच निरोपाचं स्पेलिंग! हे त्याच्या आधीचं. ‘बेटेड ब्रेथनं तुझ्या पत्राची वाट पाहतोय.’ बी-ए-टी-ई-डी पाहिजे तिथं मध्ये आय घुसलाय. आय घातला की बेट, गळाला लावायचं आमिष. माणूस श्वास रोखून वाट पाहतोय आणि तोंडात गांडूळ! आणि हे, साहेबापुढे ‘टो द लाइन’ करावं लागतं म्हणे. टी-ओ-ई, पायाचं बोट. रेषेला बोट लावून गुमान उभं राहायचं, म्हणून टो. यानं लिहिलंय टी-ओ-डब्ल्यू. म्हणजे बिचारा ती रेषा दोरी बांधून ओढत नेतोय, बंद पडलेल्या मोटारीसारखी.

माझा मुलगा हे लिहील? आठवीत असताना झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगायचा. मग लिहितं कोण? आधी वाटलं, कुणी मुलगी असेल — मनातल्या मनात सूनसुद्धा करून टाकली मी तिला. मग वाटलं, कॉम्प्युटर लिहीत असेल, हल्ली काय, कुणीही काहीही लिहितं. पण कॉम्प्युटर अशा चुका करत नाही म्हणे. आणि काल ही चिठ्ठी. म्हणजे काय, चिरंजीवांनी आईला पत्र लिहायचं काम तुमच्यावर सोपवलंय? भांडी तू घास, केर मी काढतो, आईला तूच लिही — असं वाटून घेतलंय का तुम्ही?

मान हलवू नका नुसती. मला एकच कळत नाही. या पत्रात लिहिलंय — लहानपणी ताप आला की मी त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून डिक्शनरी वाचून दाखवायचे. एफपर्यंत पोचलो की झोप लागायची. हे तुम्हाला कसं ठाऊक? हे तर मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही. लोक गोष्टी वाचून दाखवतात हो मुलांना.

काय? थांबा, सावकाश बोला. तो बोलतो... तो खोलीत येरझाऱ्या घालत बोलतो, आणि टाइप तुम्ही करता? शब्द सगळे त्याचे? आणि तो का नाही टाइप करत, त्याच्या हाताला काय झालंय?

फायलीकडे काय बघताय?

नका सांगू. मला ठाऊक आहे. सतरा वर्षांचा होता, होस्टेलवर. पत्र यायचं, मी लाल पेनानं दुरुस्त करून उलट टपालानं परत पाठवायचे. सुधारावा म्हणूनच ना? वाईटासाठी करते का कुठली आई? एकदा चार पानी पत्र आलं. मला इथं नाही राहायचं, रात्र रात्र झोप येत नाही, मनात भीती बसलीय — आणि ‘भीती बसलीय’ला त्यानं लिहिलं होतं डीप-सीडेड. अहो, सीटेड! भीती बसते ना, मग सीट. सीड म्हणजे बी. मी गोल केला. खाली लिहिलं, सहा चुका, पुन्हा लिही.

त्यानं लिहिलं. पुन्हा. सगळं बिनचूक. भीतीचं वाक्यच नव्हतं त्यात.

मग पंधरा वर्षं काय येत होतं सांगू? ‘मी ठीक. हवा बरी. तब्येत जप.’ तीन वाक्यं, एक चूक नाही. फोनवरही तेच, जेवलास का, जेवलीस का, ठेवतो. आणि दोन वर्षांपूर्वी एकदम हे असं सुरू झालं — दोन-दोन पानं, खिडकीत येणारी मांजर काय, साहेब काय, तुम्ही करपवलेला भात काय. पहिल्या पत्रातच मला चूक दिसली हो. पहिल्याच! पेन हातात होतं. टोपण काढलं, आणि परत लावलं. म्हटलं, ही चूक दाखवली तर पुढचं पत्र यायचं नाही. दोन वर्षं मी एक गोल केलेला नाही — मी! शाळेच्या नोटीसबोर्डावर हेडमास्तरांच्या चुका काढणारी मी!

आणि आज तुम्हाला समोर बसवून उलटतपासणी घेतेय. कशासाठी, तर कोण फसवतंय मला ते बघायला.

काय म्हणालास? टाइप करायला बसला की त्याला वाटतं, मी मागे उभी आहे?

हं.

ऐक. तू तिकडे गेलास ना, की यातलं एक अक्षर त्याच्यापाशी बोलायचं नाहीस. भेटल्या, पार्सल घेतलं, बऱ्या होत्या, एवढंच. तो बोलेल तसं लिहीत जा. आणि स्पेलिंग बघायला डिक्शनरी उघडलीस तर याद राख, सांगून ठेवते. एकाएकी सुधारलं तर त्याला संशय येईल.

आता ऊठ. नाही, मला काही झालेलं नाही, पाणी नको. मला त्याला लिहायचंय, आणि समोर कुणी बसलेलं असलं की मला लिहिता येत नाही. जा. दार ओढून घे.