मोराचा दुश्मन

मोराला राग आला की काय होतं, ते माझ्या मेहुण्याला विचारा. पराग पुण्याहून नवीकोरी काळी गाडी घेऊन आमच्याकडे आनेकलला आला होता. सकाळी चहा घेताना बाहेरून धाडधाड आवाज. बघतो तर एक मोर उड्या मारमारून गाडीच्या दारावर नख्या मारतोय!

पराग काठी घेऊन धावला. मी त्याचा हात धरला.

"थांब. त्याचं गाडीशी भांडण नाही. चकचकीत दारात त्याला दुसरा मोर दिसतोय. विणीचे दिवस आहेत, आपल्या हद्दीत तो दुसऱ्याला उभं राहू देणार नाही."

"अहो भावोजी, पण माझ्या गाडीचा रंग?"

तेवढ्यात माझी बायको सुनीता जुन्या चादरी घेऊन आली आणि बघता बघता तिनं अख्खी गाडी झाकली. मोरानं गाडीभोवती चक्कर मारली. दुश्मन गायब! मग कुंपणावर चढून त्यानं अशी आरोळी ठोकली, की जणू लढाई जिंकलीच.

"ताई, चादरी काढायच्या कधी?" परागनं विचारलं.

"त्याचा पिसारा गळला, की मस्ती उतरते," सुनीता शांतपणे म्हणाली. "पावसाळा संपेपर्यंत राहा."