लाइन आली, साइट आली नाही

दर्यापूरची लाइन, म्हणजे वीज, आली आणि तरीही साइट उघडली नाही, तिथेच मी घाबरले.

हसू नका. मी अकोल्याला खोली करून राहायचे तेव्हाची गोष्ट. प्रोग्रॅमिंगबद्दल बोलावं असं कॉलेजात कुणी नव्हतं. इंटरनेटवर भटकताना एक साइट सापडली. आमच्याच दर्यापूरच्या नसरीन नावाच्या बाई आपले प्रोग्रॅम, त्यात खाल्लेल्या ठेचा, सगळं मराठीत लिहायच्या. साइट त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरून चालायची, म्हणून तिकडे भारनियमन सुरू झालं की बंद. मला वेळा पाठ होत्या.

त्या आठवड्यात मात्र ती उघडेचना. आईला फोन केला.

"लाइन आहे ना घरी?"

"हाय ना वं. तुले तिकडं बसून आमच्या लाइनची काहून पडली?"

त्या वर्षांत आमच्याकडे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या होत्या; कुणी अचानक गप्प झालं की मनात वाईटच यायचं. साइटच्या तळाशी दिलेला नंबर मी उतरवून ठेवला होता. लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तरी लावत राहिले.

"हॅलो, कोन?"

"नसरीनताई? तुम्ही... तुमची साइट उघडत नाहीये."

पलीकडून हळू आवाजात उत्तर आलं, "कोनी वाचत नाही म्हनून तं बंद केली बाई."

"मी वाचते ना!"

"थांब. फोन ठेवू नको. चालू करून राहिली मी."