घोडी आडवी होत नाही

समोरून नको! अहो, समोरून नको म्हणतेय ना मी — इकडे या, असे, माझ्या बाजूला, तिच्या खांद्याकडून. जो येतो तो सरळ कपाळाला हात लावायला जातो, जसं काही शेजाऱ्यांचं पोर आहे. तिला कपाळासमोरचं दिसत नाही. खरंच नाही दिसत. डोळे कुठे आहेत बघा — दोन बाजूंना, पार कडेला. त्यामुळे पार कुशीपर्यंत, जवळजवळ शेपटीपर्यंत सगळं दिसतं तिला, दोनच जागा सोडून. एक कपाळापुढची आणि एक बरोब्बर पाठीमागची. आणि माणसं नेमकी त्या दोन जागांवरूनच येणार! मग घोडं दचकलं की घोडं वाईट. — हं, आता ठेवा हात. थोपटू नका हो, खाजवा. मानेच्या बुडाशी, जिथे आयाळ संपते ना, तिथे. एकमेकांना दातांनी खाजवतात ते, ती जागा आहे ती. तिथे खाजवलं की काळजाची धडधड कमी होते त्यांची, मोजून बघितलंय म्हणे कोणीतरी. मला नाही मोजावी लागत. खालचा ओठ बघा, लोंबला की नाही?

चिमणी. नावच आहे ते. आमच्या बाबांनी ठेवलेलं. ही रायडिंगची शाळा त्यांचीच. जन्मली तेव्हा नुसते काड्यांसारखे पाय होते, म्हणून चिमणी. आता ही चिमणी कुणाच्या पायावर उभी राहिली तर माणूस महिनाभर लंगडेल, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बाबा गेले आणि शाळा आम्हा दोघांवर आली — मी आणि माझा धाकटा भाऊ. तुम्ही फोनवर बोललात तोच. येईल आता, गाडीत पेट्रोल भरायला गेलाय. जाताना मला बजावून गेलाय, "ताई, तू फक्त घोडी दाखव. बाकी तोंड उघडू नकोस." आता मला सांगा, घोडी काय, आपली आपण दिसतेच की, त्याला मी कशाला हवी? पण नाही. मी आपली दाखवतेय. ही घोडी. हे तिचे चार पाय. ही शेपूट.

काय म्हणालात? शांत आहे? हो, जाहिरातीत तसंच लिहिलंय त्यानं. 'अतिशय शांत, गरीब, लहान मुलांसाठी उत्तम.' मोठ्या अक्षरात. — हो, तुम्ही नातीचं सांगितलंत फोनवर, त्यानं मला सांगितलं, "नातीवाले गृहस्थ येताहेत." थांबा, एक मिनिट, तुम्ही मग बोला. त्या गुडघ्यांवरच्या खुणा बघताय ना तुम्ही? बघू नका असं नाही, बघा. बघायलाच आलाय तुम्ही. पडली होती. दारात. पावसाळ्यात घसरतं ना. — आणि दुसरा पाय? दुसराही तेव्हाच. — नाही, ती खूण जुनी नाही. ती आत्ताची आहे. — छे, घसरत-बिसरत नाही इथे, कोरडी फरशी आहे, तुम्हाला दिसतंय ना! मला खोटं बोलताच येत नाही आणि धाकट्याला ते ठाऊक आहे, तरी मलाच उभं करून जातो.

ऐका. शांत नाही हो ती. पेंगुळलेली आहे. शांत घोडं आणि पेंगुळलेलं घोडं यांत फरक असतो, पण तो जाहिरातीत दिसत नाही. शांत घोड्याचे कान बघावेत, एक इकडे, एक तिकडे, कुठे दार वाजलं, कुणी बादली ठेवली, सगळी खबर ठेवून असतात. हिचे बघा. दोन्ही बाजूंना लोंबताहेत, वाळत घातलेल्या मोज्यांसारखे. आणि मान. थोडं थांबा, गप्प राहा... बघा, खाली चाललीय. अजून खाली. अजून — आणि गुडघा वाकला! बघितलंत? — उठ गं. उठ, चिमणे, मी आहे. — हे असं. दिवसातून किती वेळा. कधी सावरते, कधी धाडकन दोन्ही गुडघ्यांवर येते. त्याच त्या खुणा.

फिट नाही. धाकटा म्हणतो फिट येते. डॉक्टर आले, त्यांनी पाय तपासले, फोटो काढले, रक्त नेलं, म्हणाले हाडं उत्तम, हृदय उत्तम. मग म्हणाले, "झोपते का?" मी म्हटलं, उभी असते. तेव्हा ते माझ्याकडे बघायला लागले. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला! अख्खा जन्म यांच्यात काढला आणि साधी गोष्ट दिसली नाही — तबेल्यात सकाळी तिच्या अंगाला एक काडी चिकटलेली नसायची. एक काडी नाही. म्हणजे रात्रभर आडवीच झाली नव्हती.

लोकांना वाटतं घोडा उभ्यानं झोपतो. झोपतो ना. गुडघ्याला कडी घातल्यासारखा पाय अडकवता येतो त्यांना, पडत नाहीत. पण ती डुलकी हो, आपण बसमध्ये काढतो तशी. खरी झोप, गाढ झोप, त्यासाठी आडवंच व्हावं लागतं. फार वेळ नाही लागत, तासाभरानं भागतं बिचाऱ्यांचं. पण तेवढं लागतंच. आणि आडवा कधी होतो घोडा? भीती नसेल तेव्हा. आडवं पडलेलं घोडं म्हणजे कुणीही यावं आणि फाडावं, असं त्यांच्या हाडातच आहे, लाखो वर्षांचं. म्हणून कळपात एक जण उभा राहतो. बाकीचे आडवे होतात, तो उभा. मग त्याची पाळी. उभं राहायला कोणी नसलं ना, तर एखादं घोडं आडवं होतच नाही. आठवडेच्या आठवडे. आणि मग दुपारी चालता चालता झोप येऊन कोसळतं.

ढोल्या उभा राहायचा तिच्यासाठी. हा शेजारचा रिकामा खण दिसतोय ना, तो ढोल्याचा. खच्ची केलेला घोडा, पोट हे एवढं, शिकवायला सोन्यासारखा. पोरं त्याच्या पाठीवरून पडली तर थांबून वाट बघायचा. चिमणी त्याला दिवसभर छळायची, चावायची, त्याची चंदी पळवायची. नवरा-बायकोसारखं. आणि ती झोपायला आडवी झाली की हा तिच्या डोक्याशी उभा. मागच्या हिवाळ्यात पोटदुखीनं गेला. घोड्याला ओकता येत नाही, ठाऊक आहे तुम्हाला? काही खाल्लं, अडकलं, तर वर यायचा रस्ताच नाही. आपण ओकून मोकळे होतो. त्यांना सगळं पोटातच ठेवावं लागतं. — डॉक्टरांनी खूप केलं. नाही राहिला.

आणि तेव्हा मी म्हटलं, तिला बघू दे. वास घेऊ दे एकदा. घोड्यांना कळतं हो, हुंगतात, ढोसतात, थोडा वेळ उभे राहतात आणि मग स्वतःच बाजूला होतात. धाकटा म्हणाला, "ताई, नाटकं नकोत." ट्रॅक्टर आणला आणि पलीकडच्या दारानं नेला त्याला. हिला मधल्या काळात मैदानात बांधून ठेवली. परत आली तर खण रिकामा. त्या रिकाम्या खणाकडे तोंड करून खिंकाळायची. मी धाकट्याला म्हटलं, ऐक. तर तो म्हणतो, "भूक लागली असेल." भूक! लहानपणापासून या तबेल्यात वाढलेला माणूस हा. वरातीमागून घोडं म्हणतात ना, तसं याला सगळं नंतर सुचतं — मग एक शेळी आणली. घोड्याला सोबत म्हणून शेळी ठेवतात, खोटं नाही, कुठे कुठे जमतंही. पण या शेळीनं धाकट्याच्या स्कूटरची सीट खाल्ली आणि चिमणीनं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. शेळी गेली परत.

दुसरे घोडे? कुठले दुसरे घोडे? बघताय ना, किती खण आहेत आणि किती भरलेत? एकेक करून दिले सगळे. शाळा बंद केली. मुलं येत नाहीत आता, आणि धाकट्याला ही जागा रिकामी हवी आहे. चूक नाही त्याचं, त्याच्या डोक्यावर संसार आहे. मला त्यांच्याकडे राहायला जायचंय. चौथ्या मजल्यावर. भावजय चांगली आहे, खोली रिकामी केली माझ्यासाठी, पडदे नवीन लावले. मला विचारत होती, "ताई, कुठला रंग आवडतो?" मला सुचेचना काही. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. — ते जाऊ दे, ते कशाला सांगतेय मी तुम्हाला.

तर सांगायचं हे, की घोडं पेंड खातंय ते इथे. शांत म्हणून घोडी विकायची आणि तिच्यावर पोरगी बसवायची. मी बसले होते. आठवड्याभरापूर्वी नाही, जरा आधी, सावकाश चालत होतो आम्ही, मैदानातच, आणि माझ्याखालची घोडी एकदम नाहीशी झाली. तोल गेला नाही, ठेचकाळली नाही, झोपली! हा हात अजून वर जात नाही, केस विंचरताना बघा माझी गंमत. माझं हाड जुनं आहे, मोडलं तर मोडलं. तुमची नात किती वर्षांची? — नको, सांगू नका. मला कळून काय करायचंय. तुम्ही नका घेऊ तिला. झालं, सांगितलं. धाकटा ओरडेल. ओरडू दे.

मी प्रयत्न करते हो. दुपारी स्टूल घेऊन बसते तिच्या खणात, दाराकडे तोंड करून. म्हटलं ढोल्या नाही तर मी उभी राहते. घोड्यांना माणसाचा चेहरा कळतो, रागावलेला कोण, हसणारा कोण, लक्षात ठेवतात. मग मी आहे हे कळत नसेल का तिला? एकदा तर पुढचे पाय दुमडले तिनं. खाली बसली. मान टेकली जमिनीला. मी श्वास घेत नव्हते. आणि बाहेर धाकट्याची स्कूटर आली फटफटत, की ही उभी! मी एवढी चिडले त्याच्यावर — म्हटलं, तुझ्यापायी तिच्या झोपेचं खोबरं झालं. तो म्हणाला, "ताई, तू घोडीच्या झोपेवर किती दिवस पहारा देणार आहेस? पुढच्या महिन्यात इथे भिंतही नसेल." बोलला ते खरंच होतं. म्हणून जास्त राग आला.

अगं, काय करतेस? सोड त्यांची बाही! — चावत नाही, घाबरू नका, हुंगतेय. कान बघा, दोन्ही कान पुढे! कधीपासून मी तिचे कान पुढे पाहिले नव्हते. — नाही हो, हसत नाहीये ती. ओठ वर उचलून दात दाखवतात तेव्हा सगळ्यांना वाटतं घोडा हसला. वास आत खोल ओढून घेतात ते तसं, नीट ओळखायचा असतो तेव्हा. पण इतका कसला वास ओळखतेय ही? काय आहे तुमच्या बाहीला? —

घोड्याचा? कुणाचा घोडा?

तुमचा! तुमच्याकडे घोडा आहे? — मग मघापासून बोलला का नाहीत तुम्ही? — मी बोलू दिलं नाही. बरोबर. बरं, आता बोला. — गाडीला जुंपायचात. जोडी होती. — आणि जोडीदार गेला. कधी? — आणि हा एकटा आहे तेव्हापासून. आणि नातीनं? नातीनं फक्त जाहिरात दाखवली तुम्हाला. तिला बसायचं नाहीये, कुणालाच बसायचं नाहीये, तुम्हाला त्याच्यासाठी — देवा. आणि मी इथे तुम्हाला घोडी घेऊ नका म्हणून घसा कोरडा करतेय!

कसा आहे तो? वयस्कर, ते कळलं. स्वभावानं? — चावून घेतो? म्हणजे दुसऱ्यानं चावलं तर गप्प राहतो? — हं. — कुंपणाशी उभा असतो दिवसभर. कुठे बघत? — रस्त्याकडे. हं.

नाही, मी विचार करतेय. विचार कसला करायचा त्यात, नाही का? तुमच्याकडे आहे ते माझ्याकडे नाही. मी स्टुलावर बसून घोडा होत नाही. मी होऊन बघितलं.

तर ऐका नीट. एकदम एकत्र सोडायचं नाही. आधी मध्ये कुंपण ठेवा, नाकाला नाक लागू दे. ही किंचाळेल, पुढचा पाय आपटेल. घोडीची जातच तशी, ओळख करून घ्यायची रीत आहे ती, भांडण नाही. चंदी दोघांना लांब लांब द्या, ही चोरटी आहे. पाठीवर कुणाला बसवू नका, ती नीट झोपेपर्यंत तर मुळीच नाही. आणि रोज सकाळी अंगाला बघा तिच्या. कुशीला, मांडीला, आयाळीत. काडी दिसली, गवत दिसलं, की मला कळवा. फार काही नको, एवढंच सांगा, काडी होती.

ही धरा मोरकी. तोंडाजवळ नको, जरा दोर सोडून. ओढू नका, तुम्ही नुसते चालायला लागा. घोडा ओढून येत नाही, सोबत चाललं तर येतो. — चालली. बघा, चालली की! मला वाटलं होतं अडून बसेल, निदान जरा. — नाही, काही नाही, चांगलं झालं.

धाकट्याची गाडी आली वाटतं. त्याच्याशी बोला तुम्ही, काय ते ठरवा, मला त्यातलं विचारू नका. मी नाही येत फाटकापर्यंत. माझी कामं पडलीत इथे. — कसली म्हणजे? तबेल्यात कामं काय कमी असतात? जा हो तुम्ही. जा.