टाकी चिमणीमागे लपली की

आदरणीय अध्यक्ष महाराज, केबल-केंद्राचे मोठे साहेब, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, समोर बसलेले होडीवाले, त्यांच्या मागे कुजबुजणाऱ्या सुना, आणि आज निवृत्त होणारे आमचे तारवाले भाऊ, सगळ्यांना माझा नमस्कार. मी दुसरीपर्यंत शिकलेली. सुनेनं भाषण लिहून दिलं होतं, त्यात चार ठिकाणी ‘अश्रू’ होते. ते घरीच ठेवून आले.

वीस वर्षांपूर्वीचं सांगते. समुद्राच्या तळाशी तार आहे आणि परदेशचा फोन तिच्यातून जातो, हे आमच्यात कुणाला ठाऊक होतं? मला वाटायचं, आभाळातून जातो. तारेचा नकाशा केंद्राच्या कपाटात, कुलपात. का, तर कुणी मुद्दाम तोडेल. चोरापासून लपवलं आणि घरच्याच माणसाच्या हातून तुटलं.

घरचा म्हणजे माझ्याच घरचा. ह्यांचा नांगर तळाशी अडकला. सासऱ्यांच्या वेळचा नांगर, हे सोडतात होय? इंजिन लावून ओढला. शेवटी दोर तुटला आणि हे हात हलवत घरी आले. त्याच दिवशी फोन मुके. दुसरी तार आधीच दुरुस्तीला काढलेली. माझी लेक परदेशात, दिवस भरलेले, पहिलं बाळंतपण. मी फोन मांडीवर घेऊन बसलेली. हे म्हणायचे, “अगं, दोन घास खा. फोन काय पळून जातोय?”

सहाव्या दिवशी भाऊ दारात. दुरुस्तीच्या जहाजानं तार वर काढली, तर तिला नांगर अडकलेला आणि त्यावर आमच्या होडीचा नंबर.

“वहिनी, नांगर तुमचाच ना?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी जमिनीकडे पाहिलं.

“आता परवाना जाणार?” मी विचारलं.

“मी खरं तेच लिहिणार,” भाऊ म्हणाले. “पण सगळं खरं. नकाशा आम्ही दडवला, तेही लिहिणार.”

लिहिलं. आमचा परवाना वाचला, भाऊंची बढती गेली. एवढ्या भाषणांत हे कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलले.

नवव्या दिवशी लेकीचा आवाज आला. मुलगी होऊन पाच दिवस झाले होते. ह्यांनी फोन घेतला, “पोरी, तुझा फोन मीच तोडला,” म्हणाले आणि परत माझ्या हातात दिला.

मग भाऊ नकाशा घेऊन आमच्या ओट्यावर आले. हे म्हणाले, “कागद ठेवा बाजूला. समुद्रातून बघताना गावची पाण्याची टाकी कारखान्याच्या चिमणीमागे लपली की खाली तार. टाकी पुन्हा दिसेपर्यंत नांगर वर. तरी अडकलाच, तर दोर कापायचा.” तेव्हापासून भाऊ रोज सकाळी धक्क्यावर. सुटणाऱ्या प्रत्येक होडीला विचारायचे, “टाकी लपली तर?” होडीवाल्यानं ओरडायचं, “नांगर वर!” म्हातारे चिडायचे, “रोज काय पाढे म्हणायला लावतोस रे?” चिडायचे आणि ओरडायचे. काय गलका असायचा तो! माझे हे सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचे, अगदी गेले त्या वर्षीसुद्धा. आमच्या होडीनं पुन्हा तार तोडली नाही.

साहेब मघाशी म्हणाले, भाऊंच्या जागी माणूस नेमणार नाही, सगळं आता केंद्रातल्या पडद्यावर दिसतं. साहेब, होडी दिसेल हो. तिचा नांगर वर आहे की खाली, ते दिसेल? मान हलवू नका, माईक जवळच आहे.

“विचार करू” म्हणाले. ऐकलंत मंडळी? करा, सावकाश करा. भाऊंनी मात्र यायचं नाही. त्यांचे गुडघे गेलेत. तुमचा विचार होईस्तोवर धक्क्यावर मी उभी राहणार. उद्यापासून उत्तर मला द्यायचं.

बोलावलंत, बोलू दिलंत, आभारी आहे. कुणाला लागलं असेल तर म्हातारीचं तोंड म्हणून सोडून द्या. घाला आता भाऊंना हार. आणि होडीवाल्यांनो, सकाळी वेळेवर या. मला उन्हात उभं राहवत नाही.