पूजेतली आरसी

आरटीओच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते.

"दसऱ्याले गाडीची आरसी पूजेत ठेवली, अन् तू ते निर्माल्यासंगं नदीत सोडून आली! डोये फुटले होते काय तुये?"

"हळू बोला. लोक पाहून राहिले."

"पाहू दे! डुप्लिकेटसाठी तिसरी चक्कर हाये ही. अकोल्याचं गिऱ्हाईक रोज फोन करून डोकं खाऊन राहिलं. कागद द्या म्हणते, नाहीतं सौदा मोडतो."

"सौदा करताना मले इचारलं होतं?"

"तुले काय इचाराचं त्यात?"

"त्याच गाडीत शेवंती भरून मी रोज बडनेऱ्याले नेतो. आता डोक्यावर नेऊ काय?"

"डोक्यावर ने, नाहीतं घरी बस! आता चूपचाप सही कर."

खिडकीतून आवाज आला.

"शकुन भुयार कोण?"

"मी."

"गाडी तुमच्या नावावर आहे. आरसी हरवली, असं तुमच्या मिस्टरांनी अर्जात लिहिलंय. बरोबर आहे ना? इथं सही करा."

"हरवली नाही जी. माह्या पेटीत हाये, कुलूप लावून."